डाव्या हाताची उलटी बाजू

लवूकाका धुरींना उभ्या जन्मात कधी शॉक लागला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी ज्याला ऐकवली नाही असा माणूस बोरिवलीत शोधून सापडला नसता. रिक्षात शेजारी बसलेला परका माणूससुद्धा उतरेपर्यंत ती ऐकूनच उतरायचा. मरोळच्या कारखान्यात सगळी नोकरी विजेच्या पॅनेलसमोर काढली, पण मुंगी चावल्याएवढाही करंट कधी अंगाला शिवला नाही!

यामागे त्यांचा एक नियम होता. कुठल्याही वस्तूचा संशय आला, की आधी डाव्या हाताची उलटी बाजू हलकेच टेकवायची. सरळ पंजाने धरलं आणि आत करंट असला, तर मूठ आवळते आणि वस्तू सुटत नाही. उलटा हात टेकवला तर तो आपोआप मागे उडतो. आणि डावाच का, तर उजवा हात जेवायचा आणि कमवायचा, तो जपायचा. कारखान्यात हा नियम शिकाऊ पोरांना, आणि घरात बायकोला. रुक्मिणीकाकी लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्यांना इस्त्रीसमोर उभं करून ही दीक्षा दिली गेली. तेव्हापासून फ्रिज असो, गिझर असो, मिक्सर असो, काकींचा डावा हात आधी उलटा होऊन पुढे जायचा. एकदा पाहुण्यांनी आणलेल्या केकच्या खोक्यालासुद्धा त्यांनी उलटा हात लावून बघितला होता. सवय म्हणजे सवय!

तर अशा माणसाला शेवटी शॉक लागला. आणि कुठे? गोराईच्या समुद्रात, कमरेएवढ्या पाण्यात. कोणाचा? एका माशाचा!

आता म्हणाल, साठी उलटलेला इलेक्ट्रिशियन समुद्रात काय करत होता? त्याचं खापर प्रबुद्धवर. प्रबुद्ध कांबळे हा चाळिशीचा माणूस, मुलुंडचा, बँकेत नोकरीला. आजोबा लातूरकडचे, घरात कोणाला विहिरीपलीकडे पाणी माहीत नाही, आणि ह्याला वेड कसलं, तर पाकटांचं. पाकट म्हणजे तो चपटा, थाळीसारखा मासा, वाळूत लपून फक्त डोळे बाहेर ठेवणारा. पालिकेच्या तरणतलावावर दोघांची ओळख झाली. रिटायर झालेले लवूकाका मालवणात लहानपणी शिकलेलं पोहणं विसरलं तर नाही ना, हे बघायला गेले होते. प्रबुद्धने त्यांच्या तोंडावर काचेचा मास्क चढवला, दातांत श्वासाची नळी दिली आणि म्हणाला, "काका, रविवारी गोराईला चला. पाण्याखालची मुंबई दाखवतो."

मुंबईच्या समुद्राचं पाणी म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. पण थंडीत, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, खडकांच्या आडोशाला हातभर तरी दिसतं. त्या हातभरात लवूकाकांना पहिल्याच रविवारी वाळू हललेली दिसली. वाळूला दोन डोळे होते! मग अख्खी वाळू उठली, कडा लाटेसारख्या हलवत त्यांच्या पोटाखालून निघून गेली, आणि काका पाण्याबाहेर डोकं काढून इतके मोठ्याने ओरडले, की किनाऱ्यावरची सगळी कुत्री भुंकायला लागली. त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. रविवार उजाडला की घरात थांबेना. पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, घासत घासत चालायचं, म्हणजे पाकटावर पाय पडत नाही. हे शिकल्यावर तर ते भाजी आणायलाही पाय घासत जायला लागले.

प्रबुद्धचा मंत्र एकच. "काका, तोंड नंतर. आधी शेपटी बघा." चाबकासारखी लांब शेपटी आणि तिच्यावर काटा, म्हणजे पाकट. पुढून टोकदार, मागून शार्क, म्हणजे लांजा. रुंद पंख आणि शेपटी नावालाच, म्हणजे पतंगासारखं ते तिसरंच. आणि कुठल्याही माशाला हात लावायचा नाही, हा दुसरा मंत्र.

तो लवूकाकांनी मोडला. त्या रविवारी खडकाच्या कुशीत त्यांना एक गोल गरगरीत, तंबाखूच्या रंगाचा, वर डाग डाग असलेला मासा दिसला. नाचणीची भाकरी पडलीय जणू. शेपटी बघितली, तर चाबूक नाही, काटा नाही. आखूड, जाड, मांसल शेपटी, वर दोन छोटे पंख आणि टोकाला वल्ह्यासारखं पान. काकांच्या डोक्यातल्या एकाही कप्प्यात बसेना. जिवंत आहे की मेलेला, तेही कळेना. म्हणजे संशय आला. आणि संशय आला की लवूकाकांचा डावा हात काय करतो?

धाडकन! बोटांपासून खांद्यापर्यंत हात आपला राहिलाच नाही. नळी तोंडातून उडाली, खारं पाणी नाकात गेलं, वाळूचा ढग उठला आणि मासा त्या ढगात दिसेनासा झाला. प्रबुद्ध दोन हातांवर होता, पण त्याला दिसला फक्त ढग. काकांनी खोकत खोकत शेपटीचं वर्णन केलं, आणि तो बँकेतला शहाणासुरता माणूस पाण्यात उड्या मारायला लागला. "विजेचं पाकट, काका! ते अंगात वीज तयार करतं! इतकी वर्षं शोधतोय मी, आणि तुम्ही डायरेक्ट शेकहँड केलात!"

"म्हणजे मला माझा पहिला शॉक लागला?"

"पहिला आणि झकास!"

आनंदाने वेडा झालेला माणूस घरी जाऊन काय करील? जे लवूकाकांनी केलं तेच. जेट्टीवरून रिक्षा, रिक्षातून उतरून जिना दोन दोन पायऱ्यांनी, मास्क कपाळावर तसाच, अंगावरून पाणी निथळतंय. धापा टाकत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "रुक्मिणी, माझा डावा हात! खांद्यापर्यंत बधिर झाला गो!"

तोंडभर हसत म्हणाले. पण ते हसू बघतोय कोण? बाईने ऐकलं ते डावा हात, बधिर, आणि समोर दिसला तो ओलाचिंब, धापा टाकणारा, लालबुंद नवरा. पुढचं वाक्य माशाबद्दल होतं. ते बोलायला त्यांना कोणी दिलंच नाही.

"देवा रवळनाथा! निलेऽऽश!"

निलेश, त्यांचा मुलगा, विमा कंपनीत क्लेमचं काम बघतो. दिवसभर लोकांची दुखणी वाचून वाचून त्याला साध्या ढेकरातही हार्ट अटॅक दिसतो. त्याने वडिलांना सरळ उचललं. सोसायटीच्या बायका गॅलरीत आल्या, वॉचमनने गेट उघडलं, आणि लवूकाका कपाळावर मास्क, कमरेला अर्धी चड्डी, अशा अवतारात हॉस्पिटलात आडवे झाले.

"घाम आला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी समुद्रात होतो हो. घाम आला की समुद्र, कसं सांगू?"

"छातीत काही झालं?"

"छातीत आनंद झाला."

डॉक्टरांनी निलेशकडे बघितलं. निलेशने डोळे पुसले. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय खणखणीत निघालं, इतकं की डॉक्टरच म्हणाले, घरी घेऊन जा. पण जाता जाता त्यांनी ते नको ते वाक्य टाकलं. "तरी या वयात जपलेलं बरं."

झालं! काकांची वाट लागली. रुक्मिणीकाकींनी मास्क आणि नळी लोखंडी कपाटात टाकली, किल्ली आपल्या कमरेला खोचली आणि कमरेवर हात ठेवून निकाल सुनावला. राग आला की बोरिवलीतली सगळी वर्षं पुसली जायची आणि बाई थेट मालवणात उभी राहायची.

"समुद्रात जावचा नाय म्हणजे नाय!"

"अगो, मासा होता तो."

"करंटवालो मासो? मी जन्मापासून मासे साफ करतंय. सुरमय बघलंय, बांगडो बघलंय, तुमचा ह्या पाकट तिखल्यात घालून तुमका वाढलंय. असलो मासो माझ्या बापजन्मात बघूक नाय. बाजारात जो येणा नाय, तो समुद्रात नाय!"

नुसतं तोंडी नाही, त्यांनी चौकशीही केली. बोरिवलीच्या मासळी बाजारात त्यांची नेहमीची कोळीण होती, कमल, गोराईचीच. तिला विचारलं, "काय गं कमल, शॉक देणारा मासा विकतेस का कधी?" कमल म्हणाली, "नाय बाय, असला कोन इकतो?" काकींना एवढा पुरावा पुष्कळ झाला.

प्रबुद्ध बिचारा समजवायला आला. त्याला चहा मिळाला, बेसनाचा लाडू मिळाला आणि वर बोलणी मिळाली. पुढच्या रविवारी तो दुसऱ्या सोबत्याला घेऊन पाण्यात गेला, पाण्याखाली चालणारा कॅमेरा नेला, आणि त्याच खडकापाशी काहीतरी गोल हललं त्याचा फोटो घेऊन आला. काकींनी चष्मा लावून फोटो बघितला. "ह्यो चाय असा," म्हणाल्या. खोटं कशाला बोला, चहाच दिसत होता. दूध जरा जास्त झालेला.

इकडे निलेशने वडिलांचं नाव सकाळच्या हास्यक्लबात घातलं. बागेत गोल उभं राहून, हात वर करून, काही कारण नसताना हसायचं. लवूकाका दोन दिवस हसून आले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना ताटावर बसून राहिले. हात भाताला लागेना. काकांना आपल्या हृदयाची भीती नव्हती. भीती ही होती, की उरलेलं सगळं आयुष्य बागेत हा हा हो हो करण्यात जाणार, आणि तिकडे हातभर पाण्यात वाळूला डोळे फुटत राहणार, ते बघायला आपण नसणार. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी एकही गोष्ट मागितली नव्हती. ही एकच होती.

"रुक्मिणी," ते हळूच म्हणाले, "मी तुझ्याशी कधी खोटं बोललो?"

काकींनी हातातला आमटीचा डाव खाली ठेवला. नवरा बडबड्या होता, हट्टी होता, पण खोटारडा? तसं त्यांनाही म्हणता येईना.

"बरा," त्या शेवटी म्हणाल्या. "एकदा जाव. पण मी येतलंय, निलेश येतलो. तो मासो माका दाखवा. दाखवलात तर किल्ली तुमची. नाय तर तो मास्क भंगारवाल्याक, आणि परत समुद्राचा नाव काढूचा नाय. कबूल?"

"कबूल!" काका म्हणाले, आणि सगळा भात संपवून वर परत मागितला.

येत्या भांगाच्या रविवारी सगळी वरात गोराईला निघाली. काय तो थाट! खाडी ओलांडायच्या बोटीत निलेशच्या पाठीवर औषधांची बॅग, त्यात रक्तदाबाचं यंत्र. वडिलांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, त्याचे आकडे निलेशच्या मोबाइलवर. काकींच्या पिशवीत घावणे, चटणी, टॉवेल, आणि रवळनाथाचा अंगारा. प्रबुद्ध नखं खात होता. मासे काही वेळ ठरवून येत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

खडकाळ तुकड्यावर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी मागे सरकत चाललेलं, खडकांच्या मधे वाळूची उघडी डबकी राहिलेली, वर कोवळं ऊन. काकींनी किल्ली कपाटाला लावून मास्क काढून आणला होता, तो काकांच्या हातात देताना एकदा घट्ट धरला आणि मग सोडला.

"आधी शेपटी," प्रबुद्ध म्हणाला.

"आधी शेपटी," काका म्हणाले, आणि दोघे पाण्यात उतरले.

पाणी त्या दिवशी चांगलं होतं. पाकट दिसलं, आईच्या पंखाखाली लपावं तसं खडकाखाली लपलेलं. लांजा दिसला, नाक पुढे काढून ऐटीत चाललेला. पण ती तंबाखूच्या रंगाची भाकरी काही दिसेना. काका या खडकाकडून त्या खडकाकडे. जुनी जागा धुंडाळली, नवी धुंडाळली, वाळूत बघितलं, शेवाळात बघितलं. किनाऱ्यावरून निलेश दर थोड्या वेळाने ओरडायचा, "बाबा, ठोके वाढले!" आणि काका तोंडातली नळी काढून ओरडायचे, "तू ओरडतोस म्हणून वाढले!"

ऊन वर आलं. पाणी आता परत फिरणार होतं, भरती सुरू झाली की चहाच चहा. प्रबुद्धने डोकं बाहेर काढलं आणि नुसती मान हलवली. लवूकाका पाण्यात उभे राहिले. मास्क कपाळावर सरकवला. त्यांना एकदम थंडी वाजली. बागेतल्या त्या गोलात आपण उभे आहोत, हात वर, तोंड उघडं, असं त्यांना लख्ख दिसलं आणि डोळ्यांत पाणी आलं. समुद्रात ते लपवायला बरं पडतं, तेवढंच.

इकडे रुक्मिणीकाकींचं काय चाललं होतं? पहिला थोडा वेळ त्या नवऱ्याकडे टक लावून बसल्या. मग पाय शिवशिवायला लागले. ओली वाळू, तिच्यात बारीक भोकं, आणि भोकांखाली काय असतं हे मालवणच्या पोरीला सांगायला लागतं का? साडी गुडघ्यापर्यंत खोचली, एका गुडघाभर डबक्यात उतरल्या आणि पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागल्या. पहिली तिसरी, म्हणजे ती खायची शिंपली, सापडली. मग दुसरी. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून त्यांनी तिसऱ्या फक्त पैसे देऊन घेतल्या होत्या. आज वाकून वाकून उजवी मूठ भरली, ओटी भरली, आणि बाई चक्क गुणगुणायला लागली. आपण कशासाठी आलोय, ते पार विसरून गेल्या.

डबक्याच्या मधोमध वाळूवर काहीतरी गोल पडलं होतं. तपकिरी. डाग असलेलं. कोणाचं ताट पडलं की काय? काकी वाकल्या. उजवी मूठ तिसऱ्यांनी भरलेली. आणि वस्तूचा तर संशय आला होता.

डावा हात आपसूक उलटा झाला आणि पुढे गेला.

"आवशीक खाव!"

ही आरोळी गोराईपासून थेट मनोरीपर्यंत गेली असणार. मुठीतल्या तिसऱ्या आकाशात उडाल्या. काकी डबक्यात बसकण मारून बसल्या, मानेपर्यंत ओल्या, डावा हात उजव्याने धरलेला.

"हात! माझो डावो हात! खांद्यापर्यंत!"

निलेशच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांचे ठोके बघता बघता अटॅक आईला आला? "आई! डावा? डावा हात? हलू नकोस! तोंड उघड! गोळी, गोळी कुठेय?" अर्धी बॅग त्याने वाळूत ओतली, अर्धी डबक्यात. एका हाताने ॲम्ब्युलन्सला फोन लावायला लागला. "गोराई... हो, बीचवर... नाही, खडकात..."

आणि लवूकाका! पाण्यातून माणूस कसा आला, ते त्यांनाही सांगता येणार नाही. पाय घासत चालायचा नियम गेला उडत. खडकांवरून, शेवाळावरून, घसरत, पडत, गुडघे फोडत ते आले. मासा नको, समुद्र नको, बागेत जन्मभर हसेन, पण हिला काही होऊ देऊ नको, असं काहीतरी ते मोठ्यानेच बोलत होते. येऊन त्यांनी बायकोला डबक्यातच मिठी मारली.

"रुक्मिणी! रुक्मिणी गो! श्वास घे!"

"सोडा माका," काकी म्हणाल्या. त्यांचे डोळे बशीएवढे झाले होते, पण त्यांत भीती नव्हती. "सोडा, आणि थय बघा. तो फोन ठेव रे मेल्या! मासो हा!"

डबक्यातला गढूळपणा हळूहळू खाली बसला. तो वाळूवर तसाच पडून होता, गोल गरगरीत, राजासारखा. बारीक बारीक डोळे. आणि मागे जाड आखूड शेपटी, वर दोन पंख, टोकाला वल्ह्यासारखं पान.

"शेपटी!" प्रबुद्ध किंचाळला. तो आधी रडला, मग हसला, मग कॅमेरा उलटा धरून स्वतःच्याच नाकाचे चार-पाच फोटो काढले, मग सरळ धरून माशाचे काढले. डबक्यातलं पाणी स्वच्छ, वर ऊन. या वेळी चहा नव्हता. "काकी, तुम्ही शोधलंत! तुम्ही! मी इतकी वर्षं..."

निलेश मात्र अजून पटवून घ्यायला तयार नव्हता. "कशावरून यानेच? आईचा बीपी असेल. उपाशीपोटी..."

"हात लाव," काकी म्हणाल्या.

"आई, काहीतरीच काय!"

"काकी, हात नाही लावायचा," प्रबुद्ध घाईने म्हणाला. "त्याला त्रास होतो. आणि त्याची ताकद—"

पण बोलून होईपर्यंत काकींनी मुलाचं मनगट धरलं होतं. धरणार नाहीत तर काय! आख्खं हॉस्पिटल याच पोराने डोक्यावर घेतलं होतं. निलेश हात सोडवायला मागे सरला, घसरला, आणि बसला नेमका डबक्यात, माशाच्या शेजारी. कुठे शॉक लागला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की तो बसला त्यापेक्षा कितीतरी जोरात उठला.

"करंट आहे!" तो ओरडला. "बाबा, करंट आहे!"

"मग मी इतके दिवस काय सांगत होतो?" लवूकाका म्हणाले, आणि त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. काकी हसायला लागल्या, प्रबुद्ध हसायला लागला, निलेश मागची बाजू चोळत हसायला लागला. चौघेही गुडघाभर पाण्यात एकमेकांना धरून हसले. बागेतल्या क्लबाने तोंडात बोटं घातली असती. प्रबुद्धने मग सगळ्यांना डबक्याबाहेर हाकललं, कोणी हात लावू नये म्हणून स्वतः राखणीला उभा राहिला. भरतीची पहिली जीभ खडकांमधून आत आली, पाणी चढलं, तशी ती भाकरी उठली, शेपटी दोनदा हलवली आणि शांतपणे समुद्रात निघून गेली.

काकी टॉवेलने तोंड पुसल्यासारखं करून म्हणाल्या, "तुमचा खरा होता."

"होता ना?"

"त्या दिवशी तुमी दारात उभे रवलात, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन गेली. हॉस्पिटलात बाकड्यावर बसून मी देवाक सांगलंय, माका काय नको, ह्यो माणूस ठेव. म्हणान मास्क लपवलंय. मासो खोटो म्हणान नाय. भियालंय म्हणान." त्यांनी कमरेला खोचलेली किल्ली काढली आणि नवऱ्याच्या ओल्या तळहातावर ठेवली. काकांनी किल्लीसकट तो हात घट्ट धरून ठेवला.

"आणि त्या प्रबुद्धाक सांगा," काकी म्हणाल्या, "माझ्या तोंडाच्या मापाचो एक मास्क बघ म्हणान."

परतीच्या बोटीत कमल भेटली, मासळीच्या टोपल्या घेऊन बाजाराकडे निघालेली. काकींनी तिला शेपटीपासून सगळं वर्णन ऐकवलं. कमल खो खो हसली. "अगो बाय, तो होय! तो तं जाल्यात येतो कधी कधी. आमी काठीनं परत टाकतो त्याला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस, इकतेस का! त्याला कोन इकत घेईल?"

काकींनी कपाळावर हात मारला. उजवा. डावा अजून मुंग्यांनी भरला होता आणि त्यांना तो फार कौतुकाचा वाटत होता. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून बोरिवलीपर्यंत जाणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि मालाडला बहिणीला फोन लावला. लवूकाका शेजारी मास्क मांडीवर घेऊन बसले होते. बायकोचा चेहरा असा फुललेला त्यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"सुंदरे, ऐक तर!" काकी आनंदाने ओरडल्या. "मी गोराईक आलंय. माझो डावो हात एकदम बधिर झालो गो, खांद्यापर्यंत! मी तर खालीच बसलंय! हॅलो? हॅलो? सुंदरे? ... काय बाई ही, ऐकूनच घेना नाय. फोन ठेवल्यान."

पुढच्याच क्षणाला निलेशचा मोबाइल वाजला.